ओवोत्से आणि आमचा सांबार

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या गावी पेपर सकाळच्या दुसऱ्या एसटीने येतो. त्यामुळे रविवारची पुरवणी वाचायची म्हणजे जेवणं आटोपल्यावर, ओट्यावर, लिंबाच्या सावलीत. गेल्या रविवारचं तुमचं भाषेवरचं सदर मी असंच वाचत बसले होते आणि दुसऱ्याच परिच्छेदात दाताखाली खडा आला.

लेखकाचं म्हणणं थोडक्यात असं : स्लाव्ह लोक (रशियन, पोलिश, झेक, सर्ब वगैरे) डझनभर देशांत विखुरले, पण फळासाठी त्यांचा शब्द एकच, ‘ओवोत्से’. आणि आपण मराठी माणसं एकाच राज्यात राहून एका जुडीला चार नावं ठेवतो. खाली चौकटही दिली होती, ‘हे टाळा’ म्हणून. सांबार नको, कोथिंबीर म्हणा. आलू नको, बटाटा म्हणा. जाम नको, पेरू म्हणा. भेदरं नको, टोमॅटो म्हणा. चौकटीतले चारही शब्द आमच्या वऱ्हाडातले, हा योगायोग असेल असं धरून चालते. पण टोमॅटो कधीपासून शुद्ध मराठी झाला? तो मेक्सिकोतल्या जुन्या लोकांचा ‘तोमात्ल’. आमचं भेदरं निदान कुणाच्या बोटीतून उतरलेलं नाही.

चौकटीकडे नंतर येते. आधी स्लाव्हांचं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं मराठी शिकवलं. वरुड तालुक्यात आमची साडेतीन एकर संत्र्याची बाग आहे, ती आता मीच बघते. मला रशियन येत नाही, पोलिश येत नाही. पण माझ्या लेकीची लेक डॉक्टरकीसाठी युक्रेनमध्ये खारकिवला होती आणि या ‘ओवोत्से’शी आमच्या घराची ओळख फार वाईट दिवसांत झाली आहे. म्हणून लिहिते.

नात तिथं गेली तेव्हा पहिले शब्द शिकली ते बाजाराचे. शिकवणं इंग्रजीत असलं तरी दुकानदाराला इंग्रजी येत नाही आणि वॉर्डातल्या पेशंटला तर नाहीच. दुकानाच्या पाटीवर युक्रेनीत लिहिलेलं असायचं, ‘ओवोची, फ्रुक्ती’. ओवोची म्हणजे भाजीपाला, फ्रुक्ती म्हणजे फळं. खारकिवची माणसं घरात बहुतेक रशियन बोलत. रशियनमध्ये त्याच भाजीला ‘ओवोश्ची’. म्हणजे आलू, गाजर, कांदा, पत्ताकोबी हे सगळं ओवोची. हे तिच्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं, की फोनवर मलाही म्हणायची, “आजी, आज ओवोची आणली.”

त्यांच्या हॉस्टेलवर देखरेखीला एक म्हाताऱ्या बाई होत्या, मूळच्या पश्चिमेकडच्या, ल्विवच्या बाजूच्या. त्या एकदा टोपलीभर सफरचंदं घेऊन आल्या आणि म्हणाल्या, ओवोची घ्या. पोरी हसल्या. बाई चिडल्या. आमच्या आजीच्या वेळेपासून झाडाचं ते ओवोची, आणि भाजीला आम्ही ‘यारिना’ म्हणतो, खारकिववाल्यांना नीट बोलता येत नाही, असं त्या म्हणाल्या. नातीने मला हे हसत हसत सांगितलं, तेव्हा मला पुण्याची भाजीवाली आठवली. ती गोष्ट पुढे सांगते.

मग २४ फेब्रुवारी २०२२ उजाडला. त्या दिवसांबद्दल इथं जास्त लिहीत नाही. पोरी मेट्रोच्या स्टेशनात जमिनीखाली राहिल्या, मग चालत शहराबाहेर आल्या, मग उभ्याने रेल्वेत ल्विवपर्यंत. आमच्याकडे तेव्हा मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्यात फुटलेल्या संत्र्याची, तोड चालली होती. व्यापारी बागेत, मजूर झाडावर, कॅरेट भरले जात होते आणि मी फोन हातात धरून बांधावर बसलेली. व्यापाऱ्याने भाव काय लावला हे मी त्या वर्षी विचारलंसुद्धा नाही. नंतर पस्तावले, पण ते असो.

सीमा ओलांडून ती पोलंडमध्ये प्शेमिशल नावाच्या गावी पोचली, तिथून तिचा फोन आला. भूक लागलेली, पाय सुजलेले. सोबत यवतमाळची एक आणि केरळची एक, अशा तिघी. रस्त्यात दुकान दिसलं, पाटीवर मोठ्या अक्षरात ‘ओवोत्से’. तिला वाटलं भाजीचं दुकान, कच्चे आलू नि कोबी घेऊन काय करायचं? त्या पुढे निघाल्या. केरळची पोरगी हट्टाने आत शिरली आणि पिशवी भरून केळी, सफरचंदं घेऊन आली. फोनवर नात मला म्हणाली, “अवं आजी, इथी तं उलटंच हाय! तिकडे ज्याले भाजी म्हनत होते, त्याले इथी फळ म्हनतेत.”

मी म्हटलं, “खाल्लं का काई, ते सांग आधी.”

म्हणून तुमच्या लेखकाला सांगायचं आहे, की शब्द एक आहे हे खरं. पण सीमेच्या अलीकडे पलीकडे अर्थ बदलून त्याने पोरींना उपाशी ठेवलं असतं.

पुढे नात घरी आली. झोप लागत नसे तिला. रात्री दोन दोन वाजेपर्यंत आम्ही दोघी बसायचो. बोलायला विषय हवा म्हणून कालनिर्णयाच्या मागच्या कोऱ्या पानावर आम्ही या शब्दांची यादी करत गेलो. ती फोनवर त्या त्या देशांच्या बाजाराच्या पाट्या, शब्दकोश काढायची, मी देवनागरीत लिहायची. ते पान अजून माझ्या ट्रंकेत आहे. त्यातलं सांगते.

पोलंड, झेकिया, स्लोवाकिया या पश्चिमेकडच्या लोकांत ओवोत्से हे फळच. स्लोवाकियात जरा लांबवून ‘ओवोत्सिए’. दक्षिणेला सर्ब आणि क्रोएशियन लोक त्यातला पहिला ‘ओ’ गिळतात आणि ‘वोचे’ म्हणतात, अर्थ फळ. मॅसेडोनियात ‘ओवोश्ये’, तेही फळ. इथवर लेखकाची बाजू भक्कम आहे. पण रशियात आणि युक्रेनच्या बहुतेक भागात तोच शब्द भाजीकडे गेला. शेजारच्या बेलारूसमध्ये फळाला ‘सादाविना’ म्हणतात. स्लोव्हेनियात फळ म्हणजे ‘साद्ये’. या दोन्हींच्या मुळाशी ‘साद’ आहे, म्हणजे बाग, लावलेली जागा, आणि हा साद आपल्या संस्कृतातल्या ‘सद्’ म्हणजे बसणे या धातूचा दूरचा भाऊ लागतो. जमिनीत बसवलं ते साद. बल्गेरियात बाजारातलं फळ ‘प्लोद’, पण फळझाडाला ते लोक ‘ओवोश्का’ म्हणतात. खाणाऱ्याने जुना शब्द टाकला आणि बागवाल्याने ठेवला, हे वाचून मला त्या बल्गेरियन बागायतदारांबद्दल उगाच जवळीक वाटली.

मूळ शब्द जुना आहे. चर्चच्या जुन्या पोथ्यांतल्या स्लाव्ह भाषेत तो फळाचाच होता. जर्मन लोक फळांना ‘ओब्स्ट’ म्हणतात, त्याच्याशी अभ्यासक त्याचं नातं जोडतात, म्हणजे शब्द मुळात शेजाऱ्याकडून उसना आणलेला असावा. रशियनांनीही एके काळी त्याने फळच ओळखलं. मग पीटर द ग्रेटच्या काळात युरोपातून नवीन वस्तू आल्या, त्यांच्यासोबत लॅटिन मुळाचा ‘फ्रुक्त’ आला. फ्रुक्त दिवाणखान्यात जाऊन बसला आणि घरातल्या जुन्या शब्दाला वाडीत भाजीपाल्याकडे धाडलं. (रशियनमध्ये विक्षिप्त माणसालाही ‘फ्रुक्त’ म्हणतात. आपण ‘काय नग आहे’ म्हणतो तसं.)

संत्र्याच्या बागेत हे आम्ही रोज बघतो. आमचं झाड दोन झाडांचं असतं. खाली जंबेरीचा, म्हणजे एका आंबट लिंबाच्या जातीचा, खुंट, त्यावर संत्र्याचा डोळा भरलेला. शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिकांतून हजारोंनी कलमा जातात, त्या अशाच. बाग म्हातारी झाली किंवा पाणी कमी पडलं, की बुडातून जंबेरीचा फुटवा वर येतो. पान थोडं वेगळं, काटे जास्त. तो विळ्याने वेळेत काढला नाही तर वरचं संत्रं वाळत जातं आणि दोन वर्षांनी झाडाला पिवळी आंबट जंबेरी लागते. परका माणूस बघेल तर म्हणेल, अरे, हे लिंबाचं झाड कुणी लावलं? कुणी लावलं नाही. ते आधीपासून तिथंच होतं. ल्विवच्या त्या बाईंचं ओवोची मला या फुटव्यासारखं वाटलं. खारकिवला वर फ्रुक्तीचं कलम चढलं, ल्विवकडे खुंट अजून स्वतःचं फळ देतो आहे. त्यात चूक कुणाची काढायची?

आणखी एक शब्द नातीने सांगितला तेव्हा मी उडालेच. वॉर्डात बाळंतिणींच्या विभागात मोठ्या डॉक्टर सारख्या ‘प्लोद, प्लोद’ म्हणायच्या. नातीला वाटलं, पेशंटला फळं खायला सांगतात. तर तिथं प्लोद म्हणजे पोटातला गर्भ. रशियनमध्ये झाडाचं फळही प्लोद आणि बाईच्या पोटातलं तेही प्लोद. पोलिशमध्ये त्याचाच भाऊ मुख्यतः गर्भासाठी राहिला, बाजारातल्या फळाला तो शब्द चालत नाही.

मी म्हटलं, यात काय नवल? आपल्या गोठ्यात बघ. जनावरांच्या डॉक्टरला आपण काय सांगतो, “गाय फळली.” पोरगी एवढी शिकलेली, पण हे तिच्या कानाला कधी खटकलंच नव्हतं. लहानपणापासून ऐकलेलं असलं की तसंच होतं.

आता आपल्या ‘फळ’ शब्दाकडे बघा. लेखकाला वाटतं स्लाव्हांचं एकच आणि आपलंच विस्कटलेलं. वरुड-मोर्शीत ‘फळ’ म्हटलं की फक्त संत्रं. “यंदा फळ किती हाय?” असं विचारलं तर कुणी केळी-पेरू मोजत नाही. फळगळ म्हणजे संत्र्याची गळ. बारीक माल म्हणजे चुरी, तीही संत्र्याचीच. आमच्या संत्र्याचा जो बहार जानेवारी-फेब्रुवारीत फुटतो त्याला ‘आंबिया बहार’ म्हणतात, कारण तेव्हा आंब्याला मोहोर असतो. बहार संत्र्याचा आणि नाव आंब्याचं. २०१४ साली आमच्या संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं ते ‘नागपूर’ या नावाने, आणि झाडं उभी आहेत अमरावती जिल्ह्यात माझ्या घरामागे. नावं अशीच फिरतात, त्यांना कुणी तिकीट विचारत नाही.

स्वयंपाकघरात या. वरणफळं केली तर त्यात फळ कुठं असतं? कणकेचे तुकडे, तुरीचं वरण, वरून तेल. पुण्याकडे त्यालाच चकोल्या म्हणतात, तिथं फळ हा शब्दच गायब. लाल भोपळ्याला कुणी काशीफळ म्हणतं, कुणी गंगाफळ, आणि ते फळ जातं सरळ कढईत. आम्ही त्याला कोहळं म्हणतो आणि त्याची गोड बोंडं करतो. पुण्याच्या माणसाचा कोहळा वेगळाच, पांढुरका, पेठ्याचा. दिल्लीला एकदा भाच्याकडे गेले होते. सून म्हणाली, आज सीताफळाची भाजी केली. मी हबकले, बिया काढता काढता हिची सकाळ गेली असेल. ताटात आलं ते आमचं कोहळं.

सगळ्यांत मोठी गंमत उपवासाची. ‘फराळ’ हा शब्द ‘फलाहार’ वरून आला, हे मी मुलांना दर वर्षी शिकवायचे. म्हणजे फळं खायची. आणि एकादशीच्या ताटलीत काय असतं? साबुदाणा, तो कंदापासून केलेला. शेंगदाणे, ते जमिनीतले. आलू, तेही जमिनीतले. झाडाचं एक फळ त्यात नाही, जे आहे ते सगळं मातीखालून उकरलेलं. दिवाळीचा फराळ तर चिवडा-चकलीचा. रशियनांनी फळाचा शब्द भाजीला लावला म्हणून आपण हसू नये. आपण त्यांच्या चार पावलं पुढे गेलो आहोत.

आता तुमच्या चौकटीतला सांबार.

मुलाकडे पुण्याला गेले होते, पहिल्यांदाच. सोसायटीच्या दारात भाजीची गाडी. मी म्हटलं, “ताई, पाच रुपयांचा सांबार द्या.” त्या बाई म्हणाल्या, “आजी, सांबार हॉटेलात मिळतो, कोपऱ्यावर.” मी बोटाने जुडी दाखवली. “अहो, ही कोथिंबीर!” मी म्हटलं, “हो, तोच सांबार.” मागे उभ्या असलेल्या दोन बायका हसल्या. हसण्यात वाईट हेतू नव्हता, मला कळतं. पण ३१ वर्षं मराठी शिकवलेल्या बाईला पाच रुपयांच्या जुडीसाठी आपलीच भाषा परक्यासारखी बोलावी लागली, हे मी विसरले नाही. त्या आठवड्यात ‘आळू’ नि ‘आलू’चाही गोंधळ झाला. सुनेने सांगितलं आळू आणा, मी किलोभर आलू घेऊन आले. तिला हवी होती ती पानं, ज्यांना आम्ही धोपा म्हणतो.

हे घरातलं झालं, हसण्यावारी गेलं. शाळेतलं जात नाही. मी नोकरीत असताना बाहेरून छापून आलेल्या एका चाचणीत चित्र होतं, खाली लिहायचं होतं नाव. चित्रात कोथिंबिरीची जुडी. माझ्या वर्गातल्या एका पोराने लिहिलं, ‘सांबार’. अक्षर वळणदार, अनुस्वार जागेवर. तपासून आलं तर लाल फुली. पोराने मला विचारलं, “बाई, चुकलं कोठी?” मी वर पत्र लिहिलं, उत्तर आलं : नमुना उत्तरपत्रिकेनुसार गुण दिले आहेत. त्या पोराच्या घरी रोज सकाळी वरणावर पडतं ते नमुना उत्तरपत्रिकेत नव्हतं, एवढंच. मी माझ्या पेनाने अर्धा गुण दिला. नियमाप्रमाणे देता येत नव्हता, आजही कबूल करते.

तुमची ‘हे टाळा’ची चौकट त्या नमुना उत्तरपत्रिकेची बहीण आहे. म्हणून हे पत्र.

लेखकाला स्लाव्ह भाषांतला खरोखर एकसारखा शब्द दाखवायचा असता तर फळ सोडून सफरचंद घ्यायचं होतं. रशियन ‘याब्लोको’, युक्रेनी ‘याब्लुको’, झेक ‘याब्लको’, स्लोव्हेन ‘याबोल्को’, बल्गेरियन ‘याबल्का’, सर्ब ‘याबुका’. पोलिश लिहितात ‘याब्लको’च्या जवळ आणि बोलतात ‘याप्को’. नातीला ल्विवच्या स्टेशनवर कुणी सफरचंद हातात दिलं आणि प्शेमिशललाही दिलं, दोन्हीकडे तिला शब्द कळला. या शब्दाचे चुलते जर्मन ‘आप्फेल’पर्यंत आणि लिथुआनियाच्या ‘ओबुओलिस’पर्यंत सापडतात. रास्पबेरीला तर बहुतेक सगळीकडे ‘मालिना’. एक मात्र मान्य केलं पाहिजे : थंड मुलखात झाडावर जे पूर्वापार होतं त्याचा शब्द टिकला, जे बाहेरून आलं त्याला ज्याने त्याने आपापलं नाव दिलं.

आणि बाहेरून आलेल्यांत आमचं लिंबूवर्गीय कुळ पहिलं. मोठ्या संत्र्याला रशियन ‘आपेल्सिन’ म्हणतात, डचांकडून घेतलेला शब्द, अर्थ ‘चीनचं सफरचंद’. बल्गेरियात ‘पोर्तोकाल’, म्हणजे पोर्तुगालचं. क्रोएशियात ‘नारांचा’. हा वाचून मी कालनिर्णयावर खाली दोन रेघा मारल्या होत्या, कारण तो आपला नारंग. संस्कृतातला नारंग फारसीत गेला, तिथून अरबीत ‘नारंज’, मग इटलीत ‘आरांचा’. इटालियनांनी त्यापुढे ‘पोमो’ म्हणजे फळ लावलं आणि ते जोडनाव पोलंडला जाऊन झालं ‘पोमारांचा’. झेक ‘पोमेरांच’, सर्ब ‘पोमोरांजा’. म्हणजे प्शेमिशलच्या त्या दुकानात, ज्या दुकानावरून माझी नात उपाशी पुढे निघाली होती, तिथं आपला नारंग पाटी लावून बसला असणार. आपल्याच गावचं माणूस परदेशात भेटावं आणि ओळख न पटता पुढे जावं, तसं झालं.

पण वनस्पतिशास्त्रात आमचं नागपुरी संत्रं त्या नारंगाच्या गटात बसत नाही. सैल सालीचं, सहज सोललं जाणारं, ते मँडरिन, सिट्रस रेटिक्युलाटा. आणि इथं लेखकाला हवी ती एकी आहे. रशियन-युक्रेनी ‘मांदारिन’, पोलिश ‘मांदारिन्का’, झेक ‘मांदारिन्का’, सर्ब-बल्गेरियन ‘मांदारिना’. सगळ्यांचं एकच. या शब्दाची वंशावळ काढली तर मागे पोर्तुगीज ‘मांदारिम’, त्याच्या मागे मलायी ‘मेंतेरी’, आणि त्याच्या मागे संस्कृत ‘मंत्री’. पोर्तुगीज लोक चीनच्या बड्या अंमलदारांना मांदारिम म्हणायचे, तेच नाव चीनकडच्या या फळाला पडलं. हे मी पारावर सांगितलं तेव्हा एक शेतकरी म्हणाला, “म्हणजे आमच्या फळात मंत्री बसून हाय का? तरीच भाव भेटत नाही.”

नात आता परीक्षा पास होऊन इकडच्याच एका रुग्णालयात इंटर्नशिप करते. परवा सांगत होती, रक्त कमी असलेल्या एका म्हातारबाला तिने सांगितलं, बाबा, रोज एक फळ खात जा. ते वरुडकडचे निघाले. म्हणाले, “डॉक्टरीनबाई, फळ तं सरलं नं आमचं. आता मिरगाचं येईन तवा खाईन.” तिला क्षणभर कळेना. मग तिने कागदावर लिहून दिलं : जाम, केळी, बोरं, जे भेटेल ते. पेरू लिहिलं नाही. लिहिलं असतं तर म्हातारबा बाजारात विचारत फिरले असते.

लेखकाने दुरुस्ती छापावी, स्लाव्हांबद्दलची. चौकटीबद्दल माफी वगैरे नको. पुढच्या रविवारी त्याच जागी दुसरी चौकट द्यावी : सांबार म्हणजे वऱ्हाडात कोथिंबीर, जाम म्हणजे पेरू, धोपा म्हणजे आळू, कोहळं म्हणजे लाल भोपळा. पुण्या-मुंबईच्या वाचकांनी कापून फ्रिजला चिकटवावी. आमच्या सुना तिकडे नांदायला येतात आणि तुमच्या लेकी इकडे येतात, दोघींच्याही कामाला येईल.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका व संत्रा बागायतदार,
ता. वरुड, जि. अमरावती

ता. क. : पत्र लांबलं आहे, जागेसाठी काटछाट केलीत तरी तक्रार नाही. फक्त मुद्रितशोधकांना एक निरोप द्यावा. मी जिथं जिथं ‘सांबार’ लिहिलं आहे तिथं ‘कोथिंबीर’ करू नये.